अस्सल गालिचा आणि अस्वलसाहेब

हं, बसा नीट. चुळबूळ करायची नाही. तर इराणातल्या एका जंगलात गुलबानू नावाची मेंढी राहायची. ती गालिचे विणायची. लोकर स्वतःची, विणकामही स्वतःचं. हसताय काय?

त्या जंगलात एक रीत होती. लेकीच्या लग्नात आईनं विणलेला गालिचा अंथरायचा आणि नवरानवरीला त्यावर बसवायचं. नक्षी आईकडून लेकीकडे यायची, कागदबिगद काही नाही. गुलबानूच्या घरची नक्षी म्हणजे लालभडक डाळिंबं, एकाला एक खेटून.

एक दिवस पश्चिमेकडून पांढरं अस्वल आलं. डोक्यावर हॅट, हातात मोजपट्टी. गालिचा बघून म्हणालं, "वा! सुंदर! फक्त लाल जरा कमी करा, आमच्या बायकांचे डोळे दुखतात. डाळिंबं काढून गुलाब घाला. आणि माझ्या गुहेच्या मापाचा करा."

"मग माझं त्यात राहिलं काय, साहेब?"

"गाठी आहेत की तुमच्या!"

गुलबानूनं तसा विणला. साहेब म्हणाले, "छान. पण नवा दिसतो. आम्हाला जुना हवा."

मग काय, नवेकोरे गालिचे रस्त्यात टाकले आणि त्यावरून गाढवं चालवली. बाळांनो, ज्या गाढवांना आजवर कुत्रं विचारत नव्हतं, ती 'प्राचीनता-तज्ज्ञ' झाली! साध्या गवताला तोंड लावेनात.

साहेबांसाठी गुलाब विणण्यात वर्षं गेली. गुलबानूची लेक नर्गिस लग्नाची झाली. गुलबानू मागावर बसली खरी, पण खूर आपले गुलाबच काढायला लागले. विणायची, रडायची, उसवायची. महिन्याभरानं एक डाळिंब जमलं. मग एकेक करत सगळी बाग उभी राहिली. हट्टी हो म्हातारी!

लग्नाच्या दिवशी तिनं तो गालिचा मोठ्या हौसेनं अंथरला. व्याही होता शेजारच्या टेकडीवरचा एडका, बहराम. तो शिंगं रोखून म्हणाला, "विहीणबाई, हे काय? आपलं अस्सल इराणी ठरलं होतं."

"अहो, माझ्या आईची नक्षी आहे ही."

"आईची असेल. पण अस्सल आहे का?"

साहेब पाहुणे म्हणून आलेच होते. त्यांनी चष्मा लावला, जाडजूड पुस्तक उघडलं. "अस्सल इराणी गालिच्यात फिके गुलाब असतात. ही बाहेरच्या कुणाची तरी नक्कल दिसते."

"साहेब, ते गुलाब तर तुम्हीच घालायला लावलेत!"

"पुस्तकात तसं म्हटलेलं नाही."

"पुस्तक लिहिलं कुणी?"

"मी."

वऱ्हाड उठायला लागलं. नर्गिसनं आईकडे पाहिलं. गुलबानूनं डाळिंबांचा गालिचा गुंडाळला आणि गुलाबांचा अंथरला. लगेच अक्षता पडल्या, सगळे जेवायला पळाले.

पुढच्या महिन्यात साहेबांनी अस्सल इराणी विणकामाचा वर्ग काढला. आता तिथं शिकल्याशिवाय जंगलात कुणाला मागावर बसता येईना. गुलबानूनं मुकाट्यानं नाव घातलं, वर्षभर शिकली, परीक्षा दिली.

नापास झाली. परीक्षक गाढव होतं.

तात्पर्य: अस्सल काय, हे विणणाऱ्याला कधी विचारू नये. त्या बापड्याला फक्त विणता येतं.