पूर्ववळणीं सात रथ थांबले त्याची हकीकत

श्री चक्रपाणि प्रसन्न. गति देणारा तो आणि थांबविणाराही तोच, त्यास नमन करोन लिहितों. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यीं, ज्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं, लोहरथांच्या शर्यतीचें वेड थोर जाहलें होतें. रथांस बैल नाहीं, घोडा नाहीं, पोटांतील आगीवर धांवत, आणि प्रजा बैठकीच्या पायऱ्यांवर बसोन घसा बसेपर्यंत ओरडे, आणि घरीं जाऊन पुन्हा त्याच गोष्टी बोले. रसिकांमध्यें नेम ऐसा होता कीं, दर पायरीस एक घटिकाधारी असावा, त्यानें झांकणाचें, कळ दाबितां चालणारें घड्याळ हातीं धरोन फेऱ्याफेऱ्याचा काळ वहींत उतरावा, आणि तीन पायऱ्यांचीं घड्याळें जुळलीं तरच गोष्ट घडली म्हणावी; न जुळलीं तर दिवाणाच्या फलकावर सोन्याचे अक्षरीं लिहिली असली तरी घडली नाहीं म्हणावी. आणि जें खेळ नव्हे, सोंग असेल, त्यास घड्याळ लावूं नये, हाही नेमच.

सातव्या पायरीचे घटिकाधारी भिकाजीपंत कुलथे. यांनीं चौतीस वर्षें यंत्रशाळेंत पोरांस कानस धरावयास आणि आराखडा काढावयास शिकविलें. पंतांचा बाणा ऐसा कीं, तीनदां मापल्याविणें कानावरची पेन्सिल हातीं घेऊं नये. घरीं फळी ठोकावयाची तरी भिंतीस आधीं ओळंबा लावीत, आणि बाईल म्हणे कीं इतक्यांत दुसऱ्याचें घर उभें राहिलें असतें, तरी पंत ओळंबाच पाहत.

त्या वर्षीं परमुलखांतोन चित्रपटवाले मोठा सरंजाम घेऊन आले कीं, रथांच्या शर्यतीचा चित्रपट काढूं. शर्यतखान्याचे दिवाण रायाजीराव बारवकर बहुत संतोष पावले, आणि रथशाळेचे सर्व दरवाजे त्यांस उघडे करोन दिले. त्याच दिवशीं अखबारनवीसांस हुकूम सुटला कीं, त्यांणीं उंबऱ्याच्या आंत पाऊल ठेवूं नये, सारथ्यांशीं बोलूं नये, प्रश्न लेखी द्यावे, आणि जें उत्तर मिळेल त्याचाच प्रश्न आपण विचारिला होता असें समजावें. सारथ्यांसही ताकीद जाहली कीं, चित्रपटवाल्यांवांचोन कोणापाशीं तोंड उघडूं नये. मग चित्रपटाचा मुख्य पूर्ववळणीं गेला आणि बोलिला कीं, ही भिंत उघडी दिसली पाहिजे, पाहणाराचें काळीज हाललें पाहिजे. त्या भिंतीपुढें जुन्या चाकांची तीन ओळींची थप्पी होती, ती याजसाठीं कीं रथ घसरला तर रबरांत रुतावा, दगडावर फुटूं नये. ती थप्पी एके सकाळींच काढिली. आणि एकदां उघडी भिंत चित्रांत आली म्हणोन, चित्रपट पुरा होईतों ती उघडीच राहिली पाहिजे, नाहींतर सांधा दिसेल, ऐसें ठरलें.

ऐसें असतां एके दुपारीं सुभानजी वाघचौरे, सातही सारथ्यांत वडील, पंतांचे घरीं आले. हे पूर्वीं पंतांचेच शिष्य. पाण्याचा तांब्या हातीं घेतला आणि न पितांच बोलिले, "गुरुजी, काल सरावांत पूर्ववळणीं वाळू होती. मागचें चाक सरकलें. रथाचें नाक भिंतीपासोन दीड हातावर थांबलें. वेग निम्मा होता, म्हणोन सांगावयास आलों आहें."

पंत बोलिले, "दीड हात मापलास, कीं अंदाज?"

"उतरलों आणि मापला. चार बोटांची चूक त्यांत धरा."

मग सुभानजींनीं बेत सांगितला. रविवारच्या शर्यतींत बाराव्या फेऱ्यास सातही रथ पूर्ववळणीं थांबवावयाचे, शिरस्त्राणें काढावयाचीं, आणि भिंतीकडे तोंड करोन उभें राहावयाचें. "आम्हांस बोलण्याची मनाई आहे, उभें राहण्याची नाहीं. अखबारवाले आंत येऊं शकत नाहींत, तेव्हां आमची बातमी म्हणजे तुम्ही. आम्ही थांबलों कीं पायऱ्यांनीं उठावें आणि दरवाजाची वाट धरावी. दिवाण देवास भीत नाहीं, रिकाम्या पायरीस भितो. पायऱ्या उठल्या तर घटकाभरांत चाकें परत येतील. न उठल्या तर आम्हांस पुन्हा हांकावेंच लागेल. जो हांकणार नाहीं त्याचा रथ दुसऱ्यास द्यावा, असा दिवाणाशीं करार आहे आमचा."

पंत बोलिले, "लोकांस सांगणें मजकडे लागलें. परंतु मापाविणें मी बोलणार नाहीं. थप्पी किती होती, वळणाचा उतार किती, रथ किती वेगें आदळेल, हें कागदावर असल्यावर कोणी नाहीं म्हणूं शकणार नाहीं."

"गुरुजी, भिंत उघडी आहे. आंधळ्यासही दिसतें!"

"दिसणें निराळें, मोजणें निराळें. पहिल्या वर्षींच शिकविलें होतें तुला."

सुभानजी हंसले. "शिकविलें होतें खरें. आणि माझी कानस तेव्हांही तिरकीच चालत होती." ऐसें बोलोन पाणी प्याले आणि गेले.

मग पंतांनीं मापावयास जाण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाहीं. परंतु चित्रपटवाल्यांस गर्दीचीं माणसें पाहिजे होतीं, आणि त्यांस आंत जाण्यास अटकाव नव्हता. तेव्हां आयुष्यांत कधीं सोंग न घेतलेल्या पंतांनीं तांबडें पागोटें बांधिलें, मिशी चिकटविली, आणि चार दिवस पूर्ववळणीं गर्दींत उभे राहिले. हुकूम होई तेव्हां दोन्ही हात वर करोन "थांबवा! थांबवा!" असें ओरडत, आणि हुकूम संपला कीं पागोटें मुद्दाम पाडोन तें उचलावयाच्या निमित्तानें फीत सोडीत. येणेंप्रमाणें तीनदां माप घेतलें, आणि तिन्ही जुळलीं. थप्पीची खूण जमिनीवर अजून होती: चार हात रुंद, भिंतीच्या लांबीनें साठ हात. त्या मापावरोन पंतांस कळों आलें कीं पूर्ण वेगाचा रथ घसरल्यास सारथी वांचणार नाहीं. हें बुधवारीं कळलें. ते दिवशींच पायऱ्यापायऱ्यांस सांगितलें असतें तर रविवारपर्यंत शहरभर जातें. परंतु कच्चें टिपण लोकांपुढें ठेवणें पंतांस अशास्त्र वाटलें. म्हणोन तीन दिवस बसोन वरून, समोरून आणि बाजूनें असे तीन आराखडे शाईनें काढिले, आणि रविवारीं सकाळीं गुंडाळी कांखेंत मारोन सातव्या पायरीवर आले.

पायरीवर तों कज्जा माजला होता. सहाव्या पायरीचे घटिकाधारी रंभाजी तांबोळी, ज्यांस चित्रपटांचें बहुत वेड, ते गर्जत होते कीं, "हा चित्रपट निघूं द्या, मग जगास कळेल शर्यत काय चीज असते! अखबारवाल्यांनीं आजवर काय दाखविलें? तोच निकाल, तेंच तोंड!"

आठव्या पायरीच्या सगुणाबाई गोंधळे, घड्याळ आणि जीभ दोन्हीं धारेवर, त्या बोलिल्या, "तुमचा चित्रपट तरी काय दाखवील हो? मागचा पाहिला मीं. नायक एका हातानें रथ हांकतो आणि दुसऱ्यानें नायिकेस पत्र लिहितो. वळणावर अक्षरही हालत नाहीं!"

"बाई, ती कला आहे!"

"कला आहे, तर अखबारवाल्यांस बाहेर कां ठेविलें? कलेस वारा लागतो वाटतें?"

"सारथ्यांस त्रास होतो प्रश्नांचा. त्यांणीं रथ हांकावा. दुखणें असेल तर वैद्यास सांगावें, मैदानावर रुसवेफुगवे कशास?"

हें ऐकोन पंतांनीं गुंडाळी उलगडिली आणि बोलिले, "मंडळी, दुखणेंच दाखवावयास आलों आहें. प्रथम वळणाचा उतार पाहा..." परंतु रंभाजींनीं आराखड्याकडे न पाहतां पंतांचे तोंडाकडे पाहिलें आणि मांडीवर थाप मारिली. "अहो, हे पाहा चित्रपटांतले पंत! परवां तांबड्या पागोट्यांत यांस मीं पाहिलें. पंत, एकदां ओरडोन दाखवा कीं!" मग पायरीभर हंशा पिकला. पंत आराखडा धरोन उताराचे अंश सांगत राहिले, आणि तितक्यांत शिंग वाजलें, शर्यत सुटली, आणि सर्वांच्या माना मैदानाकडे वळल्या. मुख्य गोष्ट, जी पहिल्या वाक्यांत सांगावयाची, ती पंतांनीं शास्त्रक्रमानें शेवटास ठेविली होती. ती तशीच राहिली.

बारावा फेरा आला. सुभानजींचा रथ पूर्ववळणीं हळू जाहला आणि थांबला, आणि त्यामागें एकेक करोन सातही थांबले. सारथी उतरले, शिरस्त्राणें काखोटीस मारिलीं, आणि उघड्या भिंतीकडे तोंड करोन ओळीनें उभे राहिले. सारें मैदान निःशब्द जाहलें. तीन श्वास गेले असतील. भिंतीवरचीं चित्रपटवाल्यांचीं छायायंत्रें वळोन त्यांजकडे पाहूं लागलीं, आणि तें पाहोन रंभाजी उठले आणि ओरडले, "चित्रीकरण! चित्रीकरण चाललें आहे! घड्याळें मिटा!" आणि नेमाप्रमाणें पायऱ्यापायऱ्यांवर घड्याळें मिटलीं. सगुणाबाईंनींही मिटलें. मग टाळी उठली, ती पायरीवरोन पायरीवर चढत गेली, आणि लोक उभे राहोन वाहवा करूं लागले.

पंतांनीं घड्याळ मिटलें नाहीं. आराखडा खालीं पडला तो तुडविला गेला. पंत दोन्ही हात वर करोन ओरडले, "थांबवा! टाळी थांबवा! हें सोंग नव्हे, हे खरोखरच उभे आहेत! उठोन चला!" तेव्हां भोंवतालचे लोक खदखदां हंसले आणि बोलिले, "वा पंत! परवांपेक्षां आज सरस!" कोणी पाठ थोपटिली. पंतांनीं एकाचा हात धरोन त्यास दरवाजाकडे ओढिलें, तर तो म्हणे, "मला कुठें नेतां? मी गर्दीचा नाहीं हो, मी तिकिटाचा!" पंतांनीं सगुणाबाईंस साद घातली, परंतु टाळीच्या कल्लोळांत ती पोंचली नाहीं.

सुभानजींनीं मान वळवोन पायऱ्यांकडे पाहिलें. इतक्या दुरोन मुद्रा दिसत नाहीं, म्हणोन त्यांस काय वाटलें हें लिहितां येत नाहीं. लोक उभे होते आणि कोणी जात नव्हता, इतकें त्यांणीं पाहिलें. मग शिरस्त्राण चढविलें, रथांत बसले, आणि बाकीचे सहाही बसले. पंतांच्या घड्याळांत सात पळें जाहलीं होतीं.

एकोणिसाव्या फेऱ्यास पूर्ववळणीं वाळूवर मागचें चाक सरकलें. रथ सुभानजींचाच होता. वेग पूर्ण होता. त्याहून अधिक लिहिण्याजोगें नाहीं. टाळी तेव्हांही कांहीं पायऱ्यांवर वाजली, आणि मग थांबली.

दिवाणांनीं चौकशी बसविली. तींत अखबारनवीस नव्हते. निवाडा जाहला कीं, अपघात हांकणाराच्या चुकीनें जाहला, आणि बाराव्या फेऱ्यास यांत्रिक कारणें अल्प खोळंबा होता. बाकीच्या सहा सारथ्यांस करार दाखविला, ते गप्प राहिले. सुभानजींची बायको पार्वताबाई पंतांचे घरीं आली आणि बोलली, "गुरुजी, चूक त्यांची नव्हती इतकें तरी कुठें लिहिलें जाऊं द्या. पोरीस सांगेन काय?" पंत बोलिले कीं माझे वहींत आहे, परंतु एक घड्याळ म्हणजे साक्ष नव्हे, हें त्यांस ठाऊक होतें आणि तिलाही ठाऊक होतें.

मग सगुणाबाई आल्या. ओसरीवर बसल्या. मग आपली वही पुढें केली. "पंत, तुमचा काळ सांगा. मी माझ्या वहींत उतरितें. रंभाजीही तयार आहेत, रडत आहेत ते. तीन घड्याळें होतील. मग दिवाणाच्या बापासही घडली म्हणावें लागेल."

पंतांनीं बाईंची वही उघडिली. बाराव्या फेऱ्याची ओळ कोरी होती. कानावरची पेन्सिल त्यांणीं काढिली, आणि हात कोऱ्या ओळीवर नेला, आणि तेथेंच राहिला. मग वही मिटोन बाईंचे हातीं दिली.

"तुमचें घड्याळ मिटलेलें होतें, सगुणाबाई."

"आग लागो तुमच्या मापास!" बाई उठल्या. "एकदां मापत बसलांत म्हणोन तो गेला. आतां मेल्यावरही मापच काढणार?"

पंत बोलिले, "होय. दुसरें कांहीं मला येत नाहीं." आणि ओसरीवर बसोन राहिले. बाईंनीं जातांना दार लोटिलें नाहीं.

सारांश: पौष मासीं चित्रपट पुरा जाहला, आणि दुसरे दिवशीं पूर्ववळणीं चाकांची थप्पी परत रचिली, चार हात रुंद, साठ हात लांब, तीन ओळी. चित्रपट निघाला तेव्हां सात सारथी उभे राहिल्याचा प्रसंग लोकांस बहुत आवडला, आणि तो खरा वाटतो कीं नाहीं याचा वाद पायऱ्यांवर अद्याप चालू आहे. सातव्या पायरीस घटिकाधारी नाहीं. लेखनसीमा.