सरपंच आणि सोसायटीचं लॉन

"दिवाळीच्या आत मी त्या सरपंचाला लॉनवरून उठवते की नाही, तू बघच," असं प्रियदर्शनीने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा संतोष दात घासत होता. तोंडात फेस असलेल्या माणसाला विरोध करता येत नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. घरातले मोठे निर्णय ती याच वेळेला जाहीर करायची.

सरपंच म्हणजे कुत्रा. तांबूस, दणकट, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याचे मालक सर्जेराव. पुण्याजवळच्या मांजरी गावात आज जिथे ही सोसायटी उभी आहे, तिथे पूर्वी सर्जेरावांचा ऊस उभा असायचा. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट दिले आणि त्यातल्याच एका तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते राहायचे. सरपंच व्हायची त्यांची फार इच्छा होती. फ्लेक्सवर कुठला फोटो टाकायचा इथपर्यंत तयारी झाली, आणि नेमकं गाव महापालिकेत गेलं. ग्रामपंचायतच उरली नाही. त्याच सुमारास उसाच्या पाचटात सापडलेलं एक पिल्लू त्यांनी घरी आणलं, आणि पद रिकामं राहू नये म्हणून त्यालाच देऊन टाकलं.

आता लॉनबद्दल. बिल्डरच्या जाहिरातीत या लॉनवर हरणं चरताना दाखवली होती. प्रत्यक्षात तिथे हरीण उभं राहिलं असतं, पण वळायला त्याला पार्किंगमध्ये जावं लागलं असतं. तरीही बाकी सगळं काँक्रीट असल्यामुळे त्या हिरव्या तुकड्याची सोसायटीत मोठी इज्जत होती. आणि प्रियदर्शनीच्या दृष्टीने तर ते लॉन म्हणजे सर्वस्व होतं. कारण तिची सोनू चालायला शिकत होती, ती फक्त तिथे. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सोनू भिंत सोडायला तयार नव्हती. बूट घातले की जागच्या जागी बसकण मारायची. पण अनवाणी गवतावर सोडलं, की हात पसरून, प्यायलेल्या माणसासारखी झोकांड्या खात, चार पावलं का होईना, चालायची. तिच्या वयाची बाकी मुलं पळायला लागली होती. प्रियदर्शनी कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज संध्याकाळी ती ही पावलं श्वास रोखून बघायची.

अशा लॉनवर एका संध्याकाळी, सोनूच्या पावलापासून वीतभर अंतरावर, तो प्रकार दिसला.

प्रियदर्शनी अमरावतीहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. इतरांना जिथे गवत दिसतं, तिथे तिला जंतांची अंडी दिसायची. तिने सोनूला असं उचललं, की पलीकडच्या बाकावरचे लोक साप निघाला समजून उभे राहिले. घरी नेऊन तिचे पाय धुतले, मग आपले धुतले, मग नळ धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने वरून, गॅलरीतून नजर ठेवली, आणि तिला नेमका त्या जागी नाक खुपसून उभा असलेला सरपंच दिसला.

ती तडक खाली गेली. सर्जेराव बाकावर बसून तंबाखू मळत होते.

"काका, आपला सरपंच लॉनवर घाण करतो."

"आमचा सरपंच? न्हाई ताई. त्याचं समदं मागं रानात असतंय. पिल्लू हुता तवापासनं सवय हाय त्याला."

"मी स्वतः बघितलंय त्याला."

"काय करताना?"

"वास घेताना."

"वास घेनाराच करनारा असतुया व्हय?" सर्जेरावांनी चिमूट ओठाखाली ठेवली. "वास काय, तुमी बी घेतलाच की."

इथून पुढे हा प्रश्न आरोग्याचा राहिला नाही.

घरात या मोहिमेला पाठिंबा मिळेल अशी व्यक्ती एकच होती, सासूबाई. मुक्ताई यवतमाळकडच्या. प्रियदर्शनीची बाळंतपणाची रजा संपून घरून काम सुरू झालं, तेव्हा नातीला सांभाळायला त्या आल्या. सकाळी प्रियदर्शनीची अमेरिकेतल्या लोकांबरोबर मीटिंग असायची, त्या वेळात मुक्ताई सोनूला कोवळं ऊन दाखवायला खाली न्यायच्या. डायपर त्यांना मुळीच मान्य नव्हता. "लेकराले दिवसभर काहून बांधून ठेवता व? लेकरू हाय का पार्सल?" असं त्या आल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. आणि खरोखर, त्या आल्यापासून डायपर कोरडे राहायला लागले. प्रियदर्शनीने आयांच्या ग्रुपवर सासूबाईंच्या शिस्तीचं कौतुकसुद्धा केलं होतं.

"आई, तुम्ही सकाळी खाली असता. तुम्हाला दिसतो ना तो कुत्रा?"

"दिसते न. रोज येते. गरीब जनावर हाय बिचारं."

"लॉनवर येतो?"

"आम्ही गेलो का मागं मागं येते."

प्रियदर्शनीला साक्षीदार मिळाला. काय विचारायचं राहिलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्यात तिचाही दोष म्हणता येत नाही. खात्री झालेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

मग पुरावे गोळा करायला सुरुवात झाली. ती रोज फोटो काढू लागली. जवळून, लांबून, शेजारी पट्टी ठेवून. एकदा संतोष ऑफिसात साहेबांना मुलीचे फोटो दाखवायला गेला. दोघांचे फोटो एकाच खात्यात साठत होते, आणि फोनने आपण होऊन 'या महिन्यातल्या सुंदर आठवणी' असा एक छोटा चित्रपट बनवून ठेवला होता. सतारीच्या सुरांवर एकेक आठवण हळूहळू मोठी होत समोर आली. साहेबांनी शेवटपर्यंत पाहिलं. "मुलगी कुठे आहे यात?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोसायटीच्या सभेत प्रियदर्शनी तयारीनिशी गेली. सेक्रेटरी बाळकाका गानू. त्यांचं सारं आयुष्य कसबा पेठेत गेलेलं. मुलाने मांजरीत फ्लॅट घेतला म्हणून ते इथे आले होते, आणि इथल्या प्रत्येकाकडे पुण्याबाहेरून आलेला पाहुणा म्हणून बघायचे.

"कुत्र्याने लॉन घाण केलं तर मालकाला दंड, असा नियम हवा," प्रियदर्शनी म्हणाली.

"मांजराने केलं तर चालेल?" बाळकाकांनी विचारलं.

"मांजरालाही दंड."

"ससा आहे एकांकडे. पोपट आहे. पोपटाचं आपण काय करणार?"

लोक हसायला लागले. तेव्हा प्रियदर्शनीने कुणालाच पळवाट राहू नये अशी भाषा तिथल्या तिथे सुचवली. ज्या सदनिकेतील कोणताही सजीव लॉनवर विष्ठा करील, त्या सदनिकेस दंड होईल आणि त्या सजीवास लॉनवर कायमची बंदी राहील.

"सजीव," बाळकाकांनी तो शब्द चाखल्यासारखा उच्चारला. "छान. निर्जीव सुटले."

नियम मंजूर झाला. दंडाची पहिली नोटीस अर्थातच सर्जेरावांच्या दारावर लागली. सर्जेरावांनी ती वाचली, घडी घातली आणि पुतण्याला फोन लावला. पुतण्या जयसिंग वकील होता. कोर्टात त्याला फारसं काम नसल्यामुळे घरच्या कामात तो जीव ओतायचा. त्याने पाठवलेल्या उत्तरात आपले अशील, त्यांचे घराणे, त्यांचा पाळीव प्राणी आणि एकूण मांजरी गाव, यांच्या नावलौकिकास बट्टा लागल्याचं म्हटलं होतं. पुरावा दाखवा, नाहीतर जाहीर माफी मागा, नाहीतर कोर्टात भेटू.

"आता पुरे," संतोष म्हणाला. या वेळी त्याने आधी चूळ भरली होती. "माफी मागून टाक."

"मी? अरे, आपल्या मुलीला चालायला एवढी एकच जागा आहे. ती सोडून देऊ?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

संतोषने ब्रश पुन्हा तोंडात घातला.

लॉनवर एक कॅमेरा होता. त्याचा पासवर्ड फक्त बाळकाकांना माहीत होता, आणि आजवर त्यांनी तो कुणापुढे उघडला नव्हता. प्रियदर्शनीनेच सोसायटीच्या ग्रुपवर मागणी केली, की सगळ्यांसमोर चित्रण दाखवा. दूध का दूध होऊन जाऊ दे. जयसिंगने संमतीचा अंगठा टाकला. सर्जेरावांनीही टाकला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात माणूस मावत नव्हता. सर्जेराव धुतलेल्या टोपीत आले होते. सरपंच दाराशी बसला होता, एक कान उभा ठेवून. मुक्ताई सोनूला मांडीवर घेऊन सर्वांत पुढच्या खुर्चीवर बसल्या. टीव्हीवर काहीतरी दाखवणार आहेत, एवढंच त्यांना कळलं होतं.

पडद्यावर सकाळचं धुरकट लॉन आलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडून नऊवारीतली एक आकृती आली. कडेवर मूल.

"अवं, हे तं मीच व," मुक्ताई म्हणाल्या.

प्रियदर्शनी खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावरच्या मुक्ताईंनी लॉनच्या मधोमध जागा पाहिली, मुलीची चड्डी सोडली, आणि तिचे दोन्ही हात धरून तिला गवतावर बसवलं. मग सगळ्या आज्या काढतात तसा ओठांचा चंबू करून आवाज काढत असाव्यात. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पण ऑफिसातल्या प्रत्येकाला तो ऐकू आला.

"कशी शहाणी बसली पाह्य माही बाई," मुक्ताईंनी मांडीवरच्या सोनूचा पापा घेतला. "सांगा लागत नाही तिले. जागेवर नेलं का झालं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर प्रियदर्शनीला बरं वाटलं असतं. पडद्यावर दोघी निघून गेल्या. मग सरपंच आला. त्याने वास घेतला, क्षणभर विचार केला, आणि पाठ वळवून मागच्या पायांनी त्यावर गवत आणि माती उडवायला लागला. आपल्या परीने तो झाकून टाकत होता.

सर्जेराव छताकडे बघत होते. जयसिंगने उघडलेली फाईल हळूच मिटली. एम.एस्सी. झालेल्या प्रियदर्शनीच्या डोळ्यांसमोर आपले सगळे फोटो येत होते. जवळून, लांबून, पट्टीसकट.

बाळकाकांनी घसा साफ केला. "नियमात सजीव म्हटलंय. सोनू सजीव आहे, याबद्दल कुणाचा आक्षेप?"

कुणाचाही नव्हता.

दोन दिवसांत लॉनला तारेचं कुंपण लागलं, आणि त्यावर बाळकाकांच्या अक्षरात पाटी. 'लॉन पाहण्यासाठी आहे. इतर उपयोगांसाठी आपापली घरे आहेत. एकटे आलेले चार पाय व आजीबरोबर आलेले दोन पाय, यांना प्रवेश नाही.'

सोनू रोज संध्याकाळी त्या तारेला धरून उभी राहायची आणि आत बघायची. प्रियदर्शनी तिला पार्किंगच्या सिमेंटवर उभं करायची. सोनू बसकण मारायची. मुक्ताईंनी खाली जाणंच सोडलं होतं. "मले काय ठाऊक," त्या संतोषला म्हणाल्या, "येवढं मोठं शहर अन् लेकराले बसाले जागा नाही." प्रियदर्शनीला त्यांच्यावर रागावायचं होतं. पण कौतुकाची पोस्ट तिनेच टाकली होती.

शेवटी ती सर्जेरावांकडे माफी मागायला गेली. ते घरी नव्हते. सोसायटीच्या भिंतीमागे बिल्डरला न दिलेला जमिनीचा एक पट्टा होता, तिथे ते मेथीला पाणी देत होते. तिने वाक्य पाठ करून नेलं होतं.

"काका, माझ्याकडून आपल्यावर—"

"पोरगी कुटं हाय?"

"घरी."

"आना की तिला हिकडं. हितं तार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती सोनूला घेऊन गेली. मुक्ताईही आल्या. आठवड्यानंतर त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. सोनूला मऊ, ओलसर मातीत उभं केलं. तिने पायाची बोटं आत रुतवून बघितली. समोर सरपंच बसला होता. तिने हात पसरले आणि निघाली. एक पाऊल, मग पुढचं, झोकांडी, पुन्हा पुढचं. ती चक्क सरपंचापर्यंत पोचली आणि त्याचा पडलेला कान धरून उभी राहिली. प्रियदर्शनीला हुंदका आला. कुत्र्याच्या कानात काय काय असतं हे तिला नावानिशी माहीत होतं, तरी ती जागची हलली नाही.

मग सोनूने कान सोडला, मेथीच्या दोन वाफ्यांच्या मधे जागा पाहिली, आणि कुणी न सांगता तिथे बसली.

"अगं, नको, सोनू," प्रियदर्शनी धावली.

"बसू द्या वो ताई," सर्जेराव म्हणाले. "हितं दंड न्हाई. हितं ते खत हाय."

मुक्ताईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. प्रियदर्शनीने आजूबाजूला पाहिलं. मेथी हिरवीगार होती, सोसायटीच्या लॉनपेक्षा कितीतरी दाट. तिच्यातली सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली.

"काका, ही मेथी आपण कुठे विकता?"

"इकत न्हाई. सोसायटीतच वाटून टाकतो समद्यास्नी. गानूकाका तर एक दिस चुकवत न्हाईत. कच्चीच खात्यात, तब्येतीला बरी म्हून."

प्रियदर्शनीने फोन काढला. सोसायटीचा ग्रुप उघडला. 'सर्व रहिवाशांच्या आरोग्याच्या दृष्टीने' इतकं लिहिलं, आणि समोर पाहिलं. सोनू उठली होती आणि पुन्हा चालायला लागली होती.

तिने लिहिलेलं पुसलं, फोन पर्समध्ये टाकला, आणि खाली बसून दोन्ही हातांनी वाफ्यांमधल्या त्या जागेवर माती ओढायला लागली. सरपंच तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, पाठ वळवली, आणि तिला मदत करू लागला.