वीस रुपयांचे पेरू

डेव्हिड सायकलची घंटी वाजवत दारावरून गेला की प्रभुदास मास्तरांचा सकाळचा चहा कडू होई. कारण सायकल मास्तरांचीच होती.

म्हणजे पावसाळा संपेपर्यंत होती. भिंगारच्या मिशन शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या मास्तरांचे गुडघे दुखू लागले होते. शेजारचा डेव्हिड छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये खानसामा. त्याला पहाटेच कामावर पोचावं लागे, आणि लढाईमुळे नवी सायकल कुठे मिळत नव्हती. दोघांनी मधल्या भिंतीवरूनच सौदा केला. तीस रुपये, दहा लगेच, वीस महिनाअखेर. शेजाऱ्याशी कागद कसला करायचा, असं मास्तर स्वतःच म्हणाले.

महिनाअखेर आली आणि गेली. मास्तरांनी पैशांचा विषय काढला, तेव्हा डेव्हिडने सायकलचा काढला.

"मास्तर, तुमच्या सायकलीला ब्रेक न्हाई."

"होता की."

"हुता, पन लागत न्हवता. म्या थेट कर्नल सायबाच्या गुलाबात गेलो. हँडलला अंडी हुती, समदी फुटली. पगारातनं कापली."

"मग उतारावर पाय टेकायचा."

"टेकला म्हनून तर चप्पल तुटली. तीबी धरा हिशोबात."

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. घंटी तेवढी उरली.

शेवटी मास्तरांची बायको मार्थाबाई म्हणाली, "तुम्ही राहू द्या. मी बोलते." ती गेली आणि हसत परत आली.

"रोख नाही म्हणतो. पण नाताळाच्या आत पेरू देतो म्हणाला, विसाच्या बदल्यात. मेसमध्ये साहेब लोकांसाठी मागवतात तसले. लई मोठा असतो म्हणाला."

मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब केला. बाजारात पैशाला दोन पेरू मिळत. वीस रुपयांचे म्हणजे बैलगाडी लागणार. ते तसेच उठले आणि मागच्या आळीत राहीबाईकडे गेले. राहीबाई बाजारात भाजीपाला विकायची.

"राहीबाई, पेरू घेता का?"

"किती हायेत?"

"गाडीभर."

राहीबाईने कनवटीचे पाच रुपये काढून इसार दिला. मार्थाबाईने त्याच दिवशी त्यातून करंज्यांसाठी खोबरं, रवा आणि साखर आणली.

आठवड्याने डेव्हिड आला. काखेत पोतं होतं आणि पोतं हलत होतं. त्याने ते अंगणात सोडलं. आतून बकरीच्या करडाएवढा एक काळा पक्षी बाहेर पडला. मान उघडी, लालनिळी, आणि चोचीवरून मांसाची लोळी लोंबत असलेली. त्याने शेपटी पंख्यासारखी पसरली आणि मास्तरांकडे पाहून गुडगुडगुड असा आवाज काढला.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पेरू."

"पेरू?"

"सायब लोक टर्की म्हनत्यात. आमी खानसामे पेरूच म्हनतो. आपला हिशोब मिटला, मास्तर." आणि डेव्हिड घंटी वाजवत निघून गेला.

पेरूला आवाजाला उत्तर द्यायची सवय होती. संध्याकाळी प्रार्थनेत मास्तर "आमेन" म्हणाले की तो बाहेरून गुडगुडे. मार्थाबाईने गीत सुरू केलं, तर प्रत्येक ओळीनंतर त्याने आपली ओळ म्हटली. अंगणाच्या भिंतीवरच्या आरशात त्याला दुसरा पेरू दिसला, तेव्हा तो आरशावर धावून गेला. आरसा खाली आला. मग त्याचे तुकडे झाले आणि अंगणात बरेच पेरू दिसू लागले.

चार-पाच दिवसांनी राहीबाई दोन रिकाम्या आणि एक मेथीने भरलेली पाटी घेऊन दारात उभी राहिली.

"मास्तर, पेरू कुटं हायेत?"

"तुमच्या मागं उभा आहे."

राहीबाईने वळून पाहिलं. पेरू तिची मेथी खात होता. अर्धी पाटी संपली होती.

"ह्यो?"

"हाच."

राहीबाईने उरलेली मेथी त्याच्यापुढून ओढून घेतली. मग म्हणाली, "माजं पाच रुपयं द्या. आन् मेथीचं येगळं."

"महिनाअखेर देतो," मास्तर बोलून गेले, आणि आपल्याच तोंडचे शब्द ऐकून त्यांना कसंतरी झालं.

"मंग म्या हितंच बसते," राहीबाई म्हणाली आणि पायरीवर बसली.

आता एकच वाट होती. नाताळ जवळ आला होता आणि असला पक्षी विकत घेणार ते साहेब लोकच. मास्तरांनी पेरूचे पाय बांधले, त्याला काखेत घेतलं आणि छावणीकडे निघाले. वाटेत ज्याने ज्याने "सलाम, मास्तर" म्हटलं, त्याला पेरूनेच उत्तर दिलं.

मेसच्या मागल्या दाराशी पांढरा फेटा बांधलेला डेव्हिड बटाटे सोलत होता. मास्तरांना पाहून त्याच्या हातचा बटाटा खाली पडला.

"मास्तर, घरी जा. आपन घरी बोलू."

"घरी बोलून बोलून दोन महिने गेले. हा मी मेसला विकायला आणलाय."

"हळू बोला. हात जोडतो."

डेव्हिड पुन्हा टाळतोय, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी तिसरीच्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "का हळू बोलू?" लगेच पेरूही गुडगुडला, आणि तो आवाज ऐकून आतून मेसचा साहेब धावत आला.

साहेबाचा चेहरा उजळला. "बहुत अच्छा पेरू," तो म्हणाला. "हमारा पेरू पिछले हफ्ते भाग गया. ये उसका भाई लगता है." त्याने तिथल्या तिथे पंचवीस रुपये मोजून मास्तरांच्या हातावर ठेवले.

मास्तरांनी पेरूचे पाय सोडले. पेरू कुणाकडे न बघता अंगण ओलांडून गेला, कोपऱ्यातल्या जाळीचं दार डोक्याने ढकलून आत शिरला आणि तिथल्या मातीच्या परळात तोंड घालून खाऊ लागला. साहेबाला ते फार आवडलं. "होशियार है," असं म्हणून तो आत गेला.

मास्तर जाळीकडे पाहत राहिले. मग डेव्हिडकडे.

"पळाला नव्हता ना तो?"

"पळाला हुता," डेव्हिड म्हणाला. "माज्याबरूबर."

मास्तरांच्या हातातल्या नोटा जड झाल्या. ठेवाव्यात तर चोरीचे पैसे. साहेबाला परत कराव्यात तर शेजाऱ्याची नोकरी जायची. त्यांनी त्या डेव्हिडच्या हातात कोंबल्या. "मेसच्या पेटीत टाका. आत्ता, माझ्यासमोर." डेव्हिड आत गेला. तो नोटा पेटीत टाकतो का, हे मास्तरांनी खिडकीतून वाकून पाहिलं.

डेव्हिडचं काम संपल्यावर दोघं सायकल हाताने ढकलत घरी परतले. वाटेत डेव्हिड म्हणाला, "मंग तुमचं वीस माज्याकडं तसंच राह्यलं की."

"तसंच राहिलं."

राहीबाई पायरीवरच होती. "इकला का?"

"विकला."

"पैसं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राहीबाईने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पाटी उचलली. "शनवारी बाजार हाय. दुपारी दोगंबी या."

शनिवारी शाळा सुटल्यावर प्रभुदास मास्तर तिच्या दुकानापुढे वांगी तोलत होते. डेव्हिडला दुपारची सुट्टी होती. तो फेटा बांधून उभा राहिला आणि मडमांना ऐकू जाईल असं "फ्रेश ब्रिंजल, मेमसाब" ओरडू लागला. छावणीतल्या बायका त्याला मेसचा खानसामा म्हणून ओळखत होत्या. हा माणूस जिथून भाजी घेतो ती चांगलीच असणार, असं त्यांना वाटलं. दिवेलागणीच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या. राहीबाईने आपले पाच रुपये आणि मेथीचे पैसे बाजूला काढून कनवटीला लावले.

मास्तर तिच्याकडे आदराने बघत होते. मग डेव्हिडला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "राहीबाई, माझे वीस याच्याकडून काढून द्याल का?"

"देते की," राहीबाई म्हणाली. "निम्मं माजं."