सोळावर आलेले आजोबा

रखमाजींचं बीपी सोळावर आलं तेव्हा ते ओट्यावर बसून दुसरी भाकरी मागत होते.

मशीन नवंकोरं होतं. त्यांचा मुलगा भरत याचा जुन्नरचा मित्र जावेद दुबईहून सुट्टीवर आला होता, त्यानं काकांसाठी म्हणून ते आठवणीनं आणलं होतं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, की आकडे आपोआप दिसतात. येडगावात असलं यंत्र पहिलंच, म्हणून भरतनं वडिलांना मोठ्या थाटात पट्टा बांधला. पट्टा फुगला, मग सैल पडला आणि आकडे आले. वर सोळा, खाली अकरा.

"मागल्या महिन्यात डाक्टरनी किती सांगितलं व्हतं?" रखमाजींच्या बायकोनं, ठकूबाईंनी विचारलं.

"एकशेवीस," भरत म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला.

रखमाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "एकशेवीसचं सोळा? मंग माज्यात ऱ्हायलं काय?" असं म्हणून ते तिथंच आडवे झाले. पाच मिनिटांपूर्वी धडधाकट असलेल्या माणसाला आता खरोखरच गरगरायला लागलं. आकड्यात लई ताकद असते.

भरतची मुलगी हर्षाली बारावी सायन्स झालेली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि गुरुवारी जाऊन प्रवेश घ्यायचा होता. तिनं मशीन हातात घेतलं. आकड्यांच्या कडेला मुंगीएवढी अक्षरं होती.

"आजोबा, घाबरू नका. हे किलोपास्कलमध्ये दाखवतंय. डॉक्टर पाऱ्याच्या मापानं मोजतात. याला साडेसातनं गुणलं की..."

"माणूस मरायला टेकलंय न हिला पाढे सुचत्यात," ठकूबाई कळवळून म्हणाल्या आणि मीठ-साखरेचं पाणी करायला आत गेल्या.

तेवढ्यात रखमाजींचे चुलतभाऊ गेणभाऊ येऊन पोचले. वाईट बातमी त्यांना वासानंच कळते. त्यांनीही गुणाकार ऐकून घेतला. "रगताला गुणायचं? दूध हाय व्हय ते, पाणी घालून वाढवायला?"

भरतनं डॉक्टरला फोन लावला, तर ते परगावी गेलेले, दोन दिवसांनी येणार. मग दुसरा डॉक्टर बघू, आत्ताच जुन्नरला नेऊ, असं तो म्हणाला, पण गेणभाऊंनी त्याला अडवलं. "सोळावरचा माणूस या खड्ड्यांतनं न्यायचा म्हंजे वाटंतच शून्य व्हईल. त्यापरीस दादाला काय विच्छा ऱ्हायलीय ती इचारा."

आता विचारलं म्हटल्यावर इच्छा निघणारच. रखमाजींनी डोळे मिटूनच सांगितलं, "हर्षीचं लगीन बघायचं. ते बघितलं की डोळं मिटायला मोकळा."

"अन् माझं कॉलेज?" हर्षालीनं विचारलं.

"पुणं कुटं पळून चाललंय बाळा? मी मातर चाललोय."

मरणाऱ्याचा शब्द मोडायचा नाही, ही आपली रीत. भरत मान खाली घालून बसला. आणि गेणभाऊंना असल्या कामाचा भारी उरक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घोडेगावकडचे कुशाबा आणि त्यांचा मुलगा दारात आणून उभे केले. पसंती पडली तर त्याच आठवड्यात हळद, असं परस्पर ठरवूनही आले होते.

हर्षाली रात्रभर रडली होती. आता रडून भागणार नव्हतं. पोह्यांच्या ट्रेसोबत ती मशीनही घेऊन बाहेर आली.

"पाहुणे लांबून आलेत. आजोबांचं बघायचंच आहे, तर त्यांचंही बघू."

फुकटची तपासणी कोण सोडतो? मुलानं हौसेनं बाही वर केली. आकडा आला, पंधरा.

कुशाबांच्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले. "आजोबाचं किती म्हनला व्हता?"

"सोळा," हर्षाली म्हणाली.

"म्हंजे आमचं पोरगं म्हाताऱ्याच्याबी आदी?"

मुलगा घामाघूम झाला. गेणभाऊंनी "मशीनला माणसाची पारख नसती" असं म्हणत स्वतःचा दंड पुढं केला. त्यांचं चौदा निघालं. गेणभाऊ मुकाट्यानं उठले आणि रखमाजींच्या बाजेवर, त्यांना सरकवून, शेजारी आडवे झाले. ठकूबाई मीठ-साखरेच्या पाण्याचे तीन पेले घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"काय वो, एका घरात समद्यांनी एकदम मरायचं, ही कुटली रीत?"

भरतनं हळूच विचारलं, "हर्षे, काल तू काय म्हनत व्हतीस? साडेसात?"

हर्षालीनं सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. सोळाला साडेसातनं गुणलं की एकशेवीस. पंधराला गुणलं की एकशे साडेबारा. कुशाबांनी बोटांवर दोनदा करून पाहिलं आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. गेणभाऊ बाजेवरून उठले. आपल्याला नुसतं टेकायचं होतं, असं त्यांनी दोघातिघांना सांगितलं. भरतनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. कालच ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं आणि तसं तो बोललाही.

कुशाबांना मात्र मुलगी फार पसंत पडली होती. "पोरगी हुशार हाय राव. दादाबी ठणठणीत निगालं, लई ब्येस झालं. मंग आता तारीख धरायची ना?"

रखमाजी बाजेवर उठून बसले. त्यांनी पटका नीट केला.

"पावणं, नातीचं लगीन बघून डोळं मिटायचं, आसं मी चार मान्सांत बोलून बसलोय," ते सावकाश म्हणाले. "अन् आपल्याला डोळं मिटायची आता काय घाई न्हाई. जाऊ द्या तिला पुन्याला."

हर्षाली आजोबांच्या गळ्यातच पडली. पाहुण्यांना पुन्हा चहा झाला, गोडीगुलाबीनं निरोप झाला, आणि ती बॅग भरायला आत गेली.

ठकूबाई तिच्या मागोमाग आत आल्या. बॅगेत ज्वारीच्या पिठाची पिशवी कोंबत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "ही इंजिनेरी किती वर्साची गं?"

"चार वर्षांची, आजी."

ठकूबाईंनी जरा विचार केला.

"चारच? त्याच्या म्होरं आनकी काय शिकाया न्हाई का?"