खेदाची रंगीत तालीम

ऐतिहासिक खेद विभाग स्थापन होऊन बराच काळ लोटला होता. विभागाला स्वतःची इमारत होती, गाड्या होत्या, खाली झुकलेल्या मानेचे बोधचिन्हही होते. फक्त खेद तेवढा अजून व्यक्त झालेला नव्हता. यात विभागाचा काही दोष नव्हता. खेद व्यक्त करायचा तर समोर पीडित लागतो, आणि प्रकरण मंजूर होईपर्यंत पीडित जिवंत राहत नसत. ‘पीडितांकडून अपेक्षित सहकार्य मिळत नाही’, असे विभागाच्या प्रत्येक वार्षिक अहवालात नमूद केलेले असे.

अखेर डोंगरी मुलांच्या निवासी शाळांचा विषय मार्गी लागण्याची चिन्हे दिसू लागली. पूर्वी कधीतरी सरकारने डोंगरांतून मुले गोळा करून त्यांना माणसांत आणण्यासाठी या शाळा काढल्या होत्या. तिथे कोणी घरची भाषा बोलले की त्याच्या जिभेवर कपडे धुण्याचा साबण घासत. शाळा अत्यंत यशस्वी ठरल्या. इतक्या, की ती भाषा बोलणारी आता एकच व्यक्ती उरली होती.

ती म्हणजे रुग्णालयाच्या शिवणखोलीत चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवून निवृत्त झालेली एक आजी. एका चपला दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आपल्या नातीबरोबर राहत असे. नात एका विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचे काम करायची. तक्रारी सोडवण्याचे काम दुसऱ्या मजल्यावर होते आणि ती जागा रिकामी होती.

विभागाचे उपसंचालक स्वतः दोन जिने चढून आले. घाम पुसत म्हणाले, “आजी, अभिनंदन. सरकार तुमची माफी मागणार आहे.”

आजी मशीनवर पडदा शिवत होती. पाय न थांबवता तिने विचारले, “का हो? काय केलं त्यांनी?”

“निवासी शाळा, आजी.”

मशीन थांबले. आजीने पडदा बाजूला सारला. मग म्हणाली, “बसा. चहा टाकते.”

“चहा नको. आधी एक छोटीशी पडताळणी आहे. तुम्ही ती भाषा खरोखर बोलता, याला दुसऱ्या भाषकाचा दुजोरा हवा.”

“दुसरा असता तर त्याच्याशीच बोलत बसले नसते का? तुमच्याशी कशाला बोलले असते?”

उपसंचालकांना मुद्दा पटला. पण पटणे आणि नियमात बसणे या वेगळ्या गोष्टी होत्या. म्हणून विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञाला पाचारण करण्यात आले. तज्ज्ञाने त्या भाषेचे व्याकरण लिहिले होते. ती कधी ऐकलेली मात्र नव्हती. आजी पाच-दहा मिनिटे बोलली. तज्ज्ञाने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, “बरंचसं बरोबर आहे. क्रियापदं चुकतात.”

“माझी?” आजी म्हणाली.

“हो. पुस्तकात वेगळी आहेत.”

तरीही दुसरा उमेदवार नसल्यामुळे, क्रियापदांकडे सहानुभूतीपूर्वक दुर्लक्ष करून, आजीला पीडित म्हणून मान्यता मिळाली.

मुळात आजीला या भानगडीत पडायचे नव्हते. नात मागे लागली होती. “अगं आजी, सगळा देश बघेल तुला.” पण आजी तयार झाली ती वेगळ्याच कारणाने. तिची एक धाकटी बहीण त्याच शाळेत होती. झोपेत ती घरच्या भाषेत बोलायची. झोपेत बोलल्याचीही शिक्षा असे. एका हिवाळ्यात तिला कोळशाच्या खोलीत कोंडले. ती दार वाजवत राहिली, हाका मारत राहिली. बाहेर व्हरांड्यात बसून मुख्य बाई वही तपासत होत्या. सकाळी दार उघडले तेव्हा बहीण हाका मारायची थांबली होती. आजीने हे आपल्या मुलीलाही कधी सांगितले नव्हते. उपसंचालकांना तिने ते एका दमात सांगितले आणि म्हणाली, “माफीत एवढंच हवं मला. बाईंना ऐकू येत होतं आणि त्यांनी दार उघडलं नाही. बाकी तुम्ही काय वाटेल ते लिहा.”

उपसंचालकांचे डोळे भरून आले. ते विभागातले सर्वांत संवेदनशील अधिकारी मानले जात. “शब्द देतो, आजी,” ते म्हणाले.

माफीचा मसुदा लिहिण्याची जबाबदारी सरकारने सन्मानित केलेल्या एका कवीकडे देण्यात आली. कवीने बहिणीबद्दलचे वाक्य जसेच्या तसे घेतले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. मग मसुदा विधी शाखेत गेला. ‘ऐकू येत होतं’ याला पुरावा काय, असे विधी शाखेने विचारले. वाक्य झाले, ‘दार उघडले गेले नाही.’ शिक्षण खात्याला ‘कोंडले’ हा शब्द खटकला, कारण शाळेच्या खोल्यांना त्या काळी कड्याच नव्हत्या, असा त्यांचा दावा होता. आरोग्य खात्याने मृत्यूच्या उल्लेखाला हरकत घेतली. शेवटी मुख्य बाईंचे नातू, जे आता तीन शाळा चालवत होते, त्यांच्या भावनांचाही विचार करणे भाग होते. मसुदा परत आला तेव्हा त्यात लिहिले होते, ‘काही हिवाळ्यांत तापमानातील चढउतारांमुळे काही विद्यार्थिनींची गैरसोय झाली असल्यास, त्याची जाणीव आम्हांस आहे.’

कवीने दोन दिवस जेवण सोडले आणि मग मानधनाच्या पावतीवर सही केली.

उपसंचालकांनी तो मसुदा आजीला वाचून दाखवला. आजीने चष्मा काढून पदराऐवजी शिवायच्या कापडाला पुसला.

“साहेब, शब्द दिला होतात.”

“दिला होता, आजी. तो मी वरपर्यंत नेला. मी एकटा काय करणार? पण एक चांगली बातमी आहे. माफी तुमच्या भाषेत मागायचं ठरलंय. जगात असं कुठंच झालं नसेल.”

“भाषांतर कोण करणार?”

उपसंचालक खाली बघू लागले.

अशा रीतीने आजीची शासकीय भाषांतरकार म्हणून तात्पुरती नेमणूक झाली. पहिल्याच ओळीत अडचण आली. तिच्या भाषेत ‘खेद’ हा शब्दच नव्हता.

“असं कसं?” उपसंचालक दचकले. “मग तुमच्याकडे माफी मागतात कशी?”

“मागत नाहीत. ज्यानं चूक केली तो सकाळी दारात येतो आणि कामाला लागतो. छप्पर नीट करतो, लाकडं फोडतो. पुरे म्हणेपर्यंत करतो. तोंडानं काही बोलायचं नसतं.”

“आजी, मंत्रीमहोदय तुमचं छप्पर नीट करू शकत नाहीत.”

“मला छप्परच नाही. वर तिसरा मजला आहे. भांडी घासली तरी चालेल.”

हा प्रस्ताव शिष्टाचार शाखेकडे पाठवण्यात आला. तिथून तो ‘विनोद म्हणून नोंद घेतली’ असा शेरा मारून परत आला. मग भाषातज्ज्ञाने ‘खेद’साठी एक नवा शब्द घडवून दिला. आजीने तो उच्चारून पाहिला आणि पोट धरून हसली. त्याचा अर्थ काय होतो ते मात्र तिने नातीलाही सांगितले नाही.

रंगीत तालमीच्या दिवशी मंत्रीमहोदय अर्धा तास झगडले. त्या भाषेत घशाच्या तळाशी अडवून सोडायचे काही उच्चार होते. ते काढताना त्यांना ठसका लागला आणि त्यांच्या डॉक्टरांनी पुढील प्रयत्नांना मनाई केली. थेट प्रक्षेपण दुसऱ्या दिवशी होते. तेव्हा उपसंचालकांना एक मार्ग सुचला, आणि तो इतका सरळ होता की आधी कसा सुचला नाही याचेच सर्वांना आश्चर्य वाटले. माफी आजीनेच वाचावी.

“म्हणजे मीच माझी माफी मागू?”

“सरकारच मागतंय, आजी. आवाज फक्त तुमचा.”

यातून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. आजी वक्त्याच्या जागी उभी राहिली, तर समोरची पीडिताची खुर्ची रिकामी दिसणार. रिकाम्या खुर्चीपुढे माफी मागणे पडद्यावर वाईट दिसते, असे प्रक्षेपणाच्या दिग्दर्शकाने सांगितले. तिथे कोण बसणार? मंत्रीमहोदय मोकळेच होते.

आजीला पोशाखही देण्यात आला. तिच्या लोकांचा म्हणून नाटक कंपनीने शिवलेला, सगळा शंखशिंपल्यांनी मढवलेला.

“आम्ही डोंगरातले,” आजी म्हणाली. “समुद्र मी म्हातारपणी पाहिला, तोही नातीच्या ऑफिसच्या सहलीत.”

“कॅमेऱ्यात शिंपले चमकतात,” दिग्दर्शक म्हणाला. “आणि आजी, एक लक्षात ठेवा. मंचावर फक्त तुमची भाषा. दुसऱ्या भाषेतला एक शब्दही तोंडातून जाता कामा नये. अस्सलपणा जातो. तसा गेला तर प्रक्षेपण थांबवावं लागेल.”

आजीने नकळत जीभ ओठांवरून फिरवली. तिला साबणाची चव आल्यासारखे वाटले.

सभागृह खचाखच भरले होते. आजी उभी राहिली, शिंपले वाजले, आणि तिने वाचायला सुरुवात केली. मागच्या पडद्यावर कवीचा मसुदा ओळीओळीने उमटत होता. पडद्यावर ‘तापमानातील चढउतार’ आले तेव्हा आजी कागदावरून नजर उचलून बोलत होती. खरे तर तिने पहिल्या दोन ओळींनंतर कागद वाचलाच नव्हता. ती आपल्या बहिणीबद्दल बोलत होती. कोळशाची खोली, दारावरचे हात, व्हरांड्यातली बाई, बाईंना ऐकू येत होते हे, सगळे तिने सांगितले. बहिणीचे घरचे नावही घेतले, शाळेने बदललेले नव्हे. साऱ्या देशाला, भर सभागृहात, एकही शब्द न गाळता तिने सांगितले. विधी शाखेचे प्रमुख पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

बोलता बोलता तिचा घसा कोरडा पडला. समोरच्या मेजावर मंत्रीमहोदयांसाठी पाण्याची बाटली होती. आजीने तिच्याच भाषेत विचारले, “जरा पाणी देता का?”

टाळ्या पडल्या.

तिने हात पुढे करून पुन्हा पाणी मागितले. लोक उभे राहिले. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला, तेव्हा कित्येकांना हुंदका आवरला नाही. मंत्रीमहोदयांनी स्वतःच त्या बाटलीतले घोटभर पाणी पिऊन भावना आवरल्या. मग ते पीडिताच्या खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “मी मोकळ्या मनाने क्षमा करतो.” दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या मनाच्या मोठेपणावर अग्रलेख लिहिले.

परतताना विभागाच्या गाडीत नात आजीचा हात हातात घेऊन बसली होती. तिचे डोळे अजून ओले होते. “आजी, शेवटची ती ओळ काय होती गं? तीन वेळा म्हणालीस ती. काय लय होती तिला! अंगावर काटा आला माझ्या.”

“पाणी मागत होते.”

नातीची पकड सैल झाली. “म्हणजे?”

“घसा सुकला होता. आणि तू पण टाळ्या वाजवत होतीस.”

घरी पोचल्यावर नात थेट माठाकडे गेली. आजीला पाण्याचा पेला देऊन ती समोर बसली आणि आजीने मंचावर आणखी काय सांगितले ते तिने विचारले. आजीने बहिणीची गोष्ट पहिल्यांदा घरात सांगितली, नातीला समजेल अशा भाषेत. ऐकून नात खूप रडली. “मला शिकव ना ती भाषा,” ती म्हणाली. “मला तुझ्या तोंडून तशीच ऐकायचीय.”

“शिकवते की. बस, आत्ताच सुरुवात करू.”

“आत्ता नको गं, सकाळची पाळी आहे. पुढच्या महिन्यापासून. नक्की.”

आजी हसली आणि तिने पोशाखावरचे शिंपले उसवायला घेतले.

पुढच्या महिन्यात नातीला दुसऱ्या मजल्यावर बढती मिळाली. तिथे काम फार होते. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आजी गेली. विभागाने तातडीने, म्हणजे त्याच आठवड्यात, खेद व्यक्त केला. या वेळी भाषांतराची अडचण आली नाही.

ही हकिगत ज्यांना सांगितली त्या सर्वांना ती मनापासून आवडली. कित्येकांचे डोळे पाणावले. एक भाषा अशी नाहीशी व्हावी, याबद्दल सर्वांनीच हळहळ व्यक्त केली. वाचकहो, तुम्हीही केली असेल. मात्र इतक्या लांबलचक हकिगतीत आजीच्या भाषेतला एकही शब्द आलेला नाही, आणि एखादा तरी कसा होता असे अद्याप कोणीही विचारलेले नाही.