वास्तुशांतीच्या वर्षातली मेमरी

वडूजच्या बाजारपेठेतल्या आवटे प्रिंटिंग प्रेसचा जुना संगणक दुकानातली मेमरी घेत नसे. त्याला दोन माणसांची एकच आठवण लागे, आणि तीही तो ज्या वर्षी विकत घेतला त्याच वर्षातली. यात कुणाला नवल वाटत नव्हतं. जुन्या यंत्रांना सुटे भाग लागतात ते त्यांच्याच काळातले.

नवा संगणक घ्यायचा प्रश्नच नव्हता. लग्नपत्रिकेची वळणदार अक्षरं या एकाच यंत्रात होती. दुसऱ्या यंत्रावर नेली की 'श्री'ची वेलांटी गळून पडायची, आणि वेलांटी नसलेल्या श्रीगणेशाखाली आपल्या मुलीचं लग्न छापायला कुणी तयार होत नाही.

या खेपेला मुलगी प्रेसचे मालक रघुवीर आवटे यांची स्वतःची होती. केतकीची पत्रिका मुहूर्तापर्यंत, मांडवापर्यंत, जेवणाच्या वेळेपर्यंत व्यवस्थित जुळली. खाली 'आपले नम्र' आलं आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ उभं राहिलं. ते दुसऱ्या दिवशीही हललं नाही. व्याह्यांचा निरोप आला, पत्रिका कधी पाठवताय? रघुवीरने सांगितलं, "संगणक अडलाय." ते खरंच होतं. पण संगणक जिथे अडला होता तिथेच तोही अडला होता. 'आपले नम्र'मध्ये पहिलं नाव थोरल्या भावाचं घालायला हवं, आणि थोरला भाऊ मुरलीधर त्याच्याशी संगणक घेतला त्या वर्षीच्या वास्तुशांतीपासून बोलत नव्हता. न विचारता नाव घातलं तर म्हणणार, कुणी सांगितलं होतं? नाही घातलं तर लग्नाला येणार नाही. मागच्या वेळचं भांडणही एका राहून गेलेल्या नावाचंच होतं.

नौशाद आत्तार दुपारी आला. तालुक्यातल्या जुन्या संगणकांची दुरुस्ती तोच करायचा. त्याने सीपीयूचं झाकण काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "दोन्ही खाचा रिकाम्या होत आल्यात. जोडी घालावी लागेल. दोघांची, जशीच्या तशी. जरा फरक असला की घेणार नाही हा."

"आमची घे की," रघुवीरची बायको सुनंदा म्हणाली. "त्याच वर्षी आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो."

नौशादने दोघांच्या कानामागून चिमट्याने आठवणी काढल्या, खोडरबराने कडा घासल्या आणि खाचांमध्ये टक्कन बसवल्या. संगणक तीनदा कोकलला.

"नाही जुळत," नौशाद म्हणाला. "यांच्यात थंडी आहे, धुकं आहे, मक्याची कणसं आहेत. वहिनींच्यात नुसती हरवलेली छत्री आहे."

"नवी छत्री होती," सुनंदा म्हणाली.

मग शेजारचे घड्याळवाले पोपट शेटे आले. त्या वर्षी गावचा कबड्डीचा अंतिम सामना त्यांनी आणि रघुवीरने एकाच बाकावर बसून पाहिला होता. पुन्हा चिमटा, पुन्हा खोडरबर, पुन्हा तीन कोकलण्या. रघुवीरच्या आठवणीत गाव जिंकलं होतं, शेट्यांच्या आठवणीत हरलं होतं.

"ज्याची त्याला परत बसव हो नीट," शेटे कान पुढे करत म्हणाले. "नाहीतर राहू दे. त्याचीच घाल मला. एकदा तरी जिंकू."

नौशादने ज्याची त्याला परत बसवली. मग पेचकस खिशात घालत म्हणाला, "त्या सालातलं असं काहीतरी सांगा, जे दोघांनाही विसरता येत नाही."

सुनंदाने रस्त्यापलीकडच्या भांड्यांच्या दुकानाकडे पाहिलं. तिथे मुरलीधर आवटे कळशा पुसत बसले होते.

"नको," रघुवीर म्हणाला. "त्याच्या डोक्यात सगळं उलटंच असणार."

केतकी चपला घालून रस्ता ओलांडूनही गेली होती.

"काका, प्रेसच्या संगणकाला वास्तुशांतीच्या दिवसाची आठवण पाहिजे. बाबांची आहे. जोडीला तुमची हवी."

मुरलीधरांनी कळशी खाली ठेवली. "तुझ्या बापाने पाठवलंय?"

"नाही. नौशादभाईंनी मागितलीय."

"मग येतो. यंत्राचं काम आहे म्हणून."

ते आले आणि रघुवीरकडे पाठ करून स्टुलावर बसले. "नौशाद, त्याला सांग, मी बाकी कशासाठी आलेलो नाही."

"नौशादभाई, दादाला सांगा, ऐकू आलं."

"आणि हेही सांग, की वास्तुशांतीच्या पत्रिकेत मेव्हण्याचं नाव छापलं, पण सख्ख्या भावाचं नाव याने मुद्दाम गाळलं. पत्रिका हातात घेऊन दारात उभा होतो मी. हा एक शब्द बोलला नाही."

"मुद्दाम नाही," रघुवीर म्हणाला. "घरचाच माणूस, त्याला काय नावाचं, असं वाटलं मला. आणि बोलणार होतो. दादाच थांबला नाही. पान वाढलेलं तसंच राहिलं."

"बघ, म्हटलं नव्हतं? सगळं वेगळं," तो सुनंदाकडे वळून म्हणाला.

"तोंडाने सांगताना वेगळं होतंच," नौशाद म्हणाला. "मान वाकवा."

त्याने दोन्ही आठवणी काढल्या, उजेडाकडे धरल्या आणि बराच वेळ पाहिल्या. "दोन्हीत तेच दार आहे," तो म्हणाला. "तेच तोरण. दोन्हीत मध्ये बराच वेळ कुणीच बोलत नाही, आणि दोन्हीत 'थांब' म्हणायचं राहून गेलंय."

कोण म्हणायचं राहिलं, ते त्याने सांगितलं नाही. खोडरबर फिरवलं आणि आठवणी खाचांमध्ये दाबल्या.

संगणक एकदाच, हळू आवाजात वाजला.

"घेतली," नौशाद म्हणाला आणि झाकण लावलं. "आता ही यंत्राची झाली. परत मागायची नाही."

वाळूचं घड्याळ नाहीसं झालं. मुरलीधर मान चोळत स्टुलावर वळले आणि समोर धाकटा भाऊ बसलेला पाहून म्हणाले, "काय रे रघू, वाळलास केवढा! आणि मी कळशा उघड्या टाकून इथे कशाला आलोय?"

"पत्रिका बघायला," केतकी म्हणाली.

"मग दाखवा की. सुनंदा, चहा टाक. साखर घाल, घरी देत नाहीत."

सुनंदाने केतकीकडे पाहिलं, केतकीने सुनंदाकडे, आणि सुनंदा डोळ्यांना पदर लावत आत गेली. रघुवीरला खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. काय, ते त्याला आठवेना. आठवावंसंही वाटेना. तो पडद्याकडे वळला, तर 'आपले नम्र'खाली पहिलं नाव संगणकाने आपणच घातलं होतं: मुरलीधर आवटे.

केतकीचं लग्न थाटात झालं. पुढच्या आठवड्यात इनामदारांची पत्रिका छापून गेली आणि इनामदार ती हातात घेऊनच परत आले. "रघुवीर, आमच्या घरात हे मुरलीधर आवटे कोण?"

रघुवीरने नाव काढलं. संगणकाने ते परत घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. नौशादला बोलावलं, तर तो म्हणाला, "धसका घेतलाय त्याने. एक नाव राहिलं की काय होतं, ते आता त्याच्यापाशी आहे."

इनामदार जरा कुरकुरले. पण नाव छापलंय म्हटल्यावर मुरलीधर मुहूर्ताच्या आधी हजर झाले, दारात उभं राहून त्यांनी अत्तर लावलं, रुसलेल्या आत्याला हाताला धरून पंगतीत बसवलं. तेव्हापासून कुणी तक्रार केली नाही. नौशादच्या मुलाच्या निकाहाच्या पत्रिकेतही शेवटी मुरलीधर आवटे होते. हल्ली एखाद्या पत्रिकेत ते नाव दिसलं नाही, तर लोक विचारतात, बाहेरगावी छापली का?

संध्याकाळी प्रेस बंद करताना रघुवीर रस्त्यापलीकडे हाक मारतो.

"दादा, उद्या कुणाकडे?"

मुरलीधर पत्रिकांची गड्डी चाळतात. "सकाळी शेट्यांच्या पुतणीचं, संध्याकाळी आत्तारांकडे. तू येतोस?"

"माझं नाव कुठंय त्यात?"

"तू घरचाच," मुरलीधर म्हणतात. "तुला काय नावाचं? इस्त्री करून ठेव कपड्यांना."