मापाचा ब्लाउज

"पोरी, शिवण शिकायची तर आदी उसवायला शिक." कुरुंदवाडच्या सोप्यात बसून सुष्मिताची आई म्हणायची. जुना झंपर उसवायचा, तुकडे नव्या कापडावर पसरायचे अन् बेतायचं. टेप कुणाला ठाऊक?

शाहूपुरीच्या शिवणवर्गात ऐन परीक्षेत सुष्मिताच्या कानात तोच आवाज आला आणि घोटाळा झाला.

तिचं घर महापुरात गेलं होतं. नवरा त्याच्याही आधी सोडून गेलेला, कोरड्या वाटेनं. उचगावात भावाच्या पडवीत ती लेक मोनाला घेऊन राहायची. भावजय रोज चहाबरोबर विचारायची, "मग, पुढं काय?" पास होणारीला शिलाई मशीन मिळणार होतं. मशीन आलं की स्वतःची खोली. म्हणून आज सुईत दोरा जाता जात नव्हता.

सगळ्यांना मापाला कुणाकुणाचे ब्लाउज मिळाले. सुष्मिताच्या वाट्याला खुद्द परीक्षक प्रियदर्शनी मॅडमचा जांभळा ब्लाउज आला. तीन महिने ती टेपनं मोजायला शिकली होती. पण घाबरलेला जीव माहेरी पळतो, तसे हातही पळाले. तिनं ब्लाउज उसवला, तुकडे पसरले आणि वर्गात शिकवलेली शिलाईत दुमडायची दोन बोटं जादा सोडून नवं कापड कापलं. तुकड्यांत ती दोन बोटं आधीच होती, हे कात्री फिरल्यावर उमगलं.

शेजारच्या बयाबाईनं कपाळाला हात लावला. "अगं, काय केलंस ह्ये? मापाचा ब्लाउज मोजून परत द्यायचा असतोय!"

"आमच्यात उसवत्यात की!"

"तुमच्यात उसवत असतील. मॅडमच्या अंगातला हाय त्यो!"

सुष्मिता तुकडे जोडत सुटली. डावी बाही उजवीकडं गेली. ती उसवून पुन्हा लावली. जांभळा दोरा संपला, तशी काळा घातला. त्यातून उरलेल्या वेळात नवा ब्लाउज कसाबसा उभा राहिला.

मॅडमनी दोन्ही ब्लाउज एकावर एक ठेवले. "हा दोन बोटं मोठा कसा?"

सुष्मितानं काळ्या दोऱ्याचं रीळ मुठीत दडवलं. मॅडम नवा ब्लाउज घेऊन पडद्याआड गेल्या. बराच वेळ गेला. आतून एक लांब श्वास ऐकू आला.

मॅडम बाहेर आल्या, नवाच ब्लाउज घालून. त्यांनी कागदावर सही ठोकली. पास!

खोट्यावर पास? सुष्मिताला राहवेना. "मॅडम, चुकलं माझं. तुमचा मापाचा ब्लाउज मी उसवलाय. काळा दोरा माझाच हाय."

मॅडमनी दाराकडं पाहिलं, मग हळूच तिच्या कानाशी वाकल्या.

"कुणाला सांगू नकोस. चार वर्षं झाली, त्यो मला होतच न्हाय. दर शिंप्याला मापाला त्योच देते, अन् घट्ट शिवला म्हणून भांडून येते."